वाद दोन देशांतला, मग खटला कोणत्या न्यायालयात?

बडोद्याच्या महाराणींनी पॅरिसमधल्या एका नामांकित चित्रविक्रेत्याकडून एक चित्र घेतले होते. ते अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशे याचे आहे, असे सांगून ते विकले गेले. पुढे ते त्याचे नाहीच असे मत पडले आणि महाराणींनी विक्रेत्यावर दावा लावला. व्यवहार पॅरिसमध्ये झालेला, दोघांचेही वास्तव्य फ्रान्समध्ये, तरीही दावा दाखल झाला लंडनमध्ये. आणि विक्रेता घोड्यांच्या शर्यतींसाठी अॅस्कॉटला आला असताना तिथेच त्याच्यावर समन्स बजावले गेले. या वादाचा इंग्लंडशी संबंधच काय, ही त्याची हरकत इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७२ मध्ये फेटाळून लावली. प्रतिवादी इंग्लंडच्या भूमीवर असताना समन्स त्याच्या हाती पडले, एवढे त्या न्यायालयाला पुरेसे वाटले.

दोन परक्या कंपन्यांचे भांडण लंडनला किंवा सिंगापूरला का चालते, असा प्रश्न बातम्या वाचताना अनेकांना पडतो. एखाद्या अॅपच्या अटींत ‘सर्व वाद अमुक राज्यातील न्यायालयातच चालतील’ असे का लिहिलेले असते, हेही कोणी सहसा समजावून सांगत नाही. हा विषय किचकट असला तरी त्याच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत. दावा कुठे चालू शकतो, हा पहिला. आणि मिळालेला निकाल कुठे उपयोगी पडतो, हा दुसरा. बहुतेकांचे लक्ष पहिल्यावर खिळते. माझ्या मते दुसरा अधिक महत्त्वाचा आहे आणि करार लिहिताना नेमका तोच विसरला जातो.

जगाचे एकच न्यायालय का नाही

हेग शहरातील आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे ना, असे कोणी म्हणेल. पण तिथे केवळ राष्ट्रांचे राष्ट्रांशी असलेले वाद चालतात. व्यापारी, कंपन्या, ग्राहक, नोकरदार यांच्या खासगी दाव्यांसाठी जागतिक दिवाणी न्यायालय अस्तित्वातच नाही. म्हणून प्रत्येक वाद अखेर कोणत्या तरी एका देशाच्या न्यायालयात जातो आणि तो वाद ऐकण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हे ते न्यायालय आपल्याच देशाच्या नियमांनी ठरवते. या अधिकाराला अधिकारक्षेत्र म्हणतात.

अधिकारक्षेत्राचे आधार देशोदेशी वेगळे असले तरी काही सर्वत्र आढळतात. प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण हा सर्वांत जुना आधार. त्याशिवाय करार जिथे पार पाडायचा होता ते ठिकाण, नुकसान जिथे घडले ते ठिकाण आणि प्रतिवादीने स्वतः दिलेली संमती हेही आधार चालतात. संमतीसाठी सही लागतेच असे नाही. हरकत न घेता न्यायालयात हजर होऊन मूळ मुद्द्यांवर कैफियत दिली, तरी बहुतेक ठिकाणी ती संमतीच समजली जाते, आणि परदेशातून आलेल्या समन्सला घाईघाईने उत्तर देणाऱ्यांना ही गोष्ट महागात पडते.

या आधारांकडे पाहण्याच्या दोन परंपरा आहेत. युरोपीय संघातील नियम १९६८ च्या ब्रसेल्स करारापासून वाढत आले असून आज त्यांचे २०१२ चे सुधारित रूप लागू आहे. प्रतिवादीचे वास्तव्य हा त्यांतील मुख्य नियम, ठरावीक अपवाद वगळता तो कुणालाही बदलता येत नाही आणि नियमाने अधिकार असलेल्या न्यायालयाला ‘दुसरीकडे जा’ असे म्हणण्याची मुभा सहसा नसते. इंग्रजी परंपरेतील देशांत, म्हणजे इंग्लंड, अमेरिका, भारत, सिंगापूर आदी ठिकाणी, न्यायाधीशाच्या विवेकाला अधिक वाव आहे. त्यांपैकी काही देशांत अॅस्कॉटसारखा क्षीण धागाही अधिकारासाठी पुरतो, पण वाद दुसऱ्या देशात चालणे स्पष्टपणे अधिक उचित असेल, तर न्यायालय आपला अधिकार असूनही बाजूला होऊ शकते.

हा विवेक दोन्ही बाजूंनी चालतो. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर पीडितांच्या वतीने युनियन कार्बाइडविरुद्धचे दावे अमेरिकेत दाखल झाले, कारण कंपनी तिथली होती आणि तिथे भरपाई मोठी मिळण्याची आशा होती. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९८६ मध्ये ते भारतात चालणे अधिक योग्य असल्याचे सांगून निकाली काढले. साक्षीदार, पुरावे आणि पीडित भारतात आहेत, हे त्याचे मुख्य कारण होते. दावा भारतात आला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीवर थांबला. अमेरिकेतल्या ज्युरीपुढे तो चालला असता तर रक्कम किती झाली असती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पण तो कुठे चालावा यावर दोन्ही बाजू एवढ्या हिरिरीने का लढल्या, ते मात्र समजते.

मग आधीच ठरवून टाकले तर?

एकाच वादासाठी तीन-चार देशांची दारे उघडी असतील, तर प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचे दार ठोठावणार. ही अनिश्चितता टाळण्यासाठी करारातच लिहून ठेवतात की वाद झाल्यास तो अमुक न्यायालयात चालेल. याला न्यायालय-निवडीचे कलम म्हणू. ते बहुधा कराराच्या शेवटच्या पानांवर असते, किंमत आणि मुदत यांवर रात्र-रात्र घासाघीस करणारे लोक त्यावरून नजर फिरवून पुढे जातात, आणि वाद झाल्यावर वकील पहिल्यांदा उघडतो ते पान नेमके तेच असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण समुद्रावरचे आहे. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या झपाटा कंपनीला आपला तेलविहीर खोदण्याचा तरंगता फलाट लुइझियानाहून इटलीतील राव्हेन्नाजवळ न्यायचा होता. तो ओढून नेण्याचे काम तिने उंटरवेझर या जर्मन कंपनीला दिले. करारात एक ओळ होती की कोणताही वाद लंडनच्या न्यायालयात चालवावा. झपाटाच्या उपाध्यक्षांनी सही करण्यापूर्वी मसुद्यात काही बदल केले, पण या ओळीला हात लावला नाही. जानेवारी १९६८ मध्ये मेक्सिकोच्या आखातात वादळ आले आणि फलाटाची मोठी हानी झाली. झपाटाच्या सांगण्यावरून तो फ्लोरिडातील टँपा बंदरात आणला गेला, आणि बंदरात पोहोचताच झपाटाने तिथल्याच संघीय न्यायालयात ३५ लाख डॉलरचा दावा ठोकून ‘ब्रेमेन’ हे ओढणारे जहाज जप्त करवले.

लंडन हे दोघांपैकी कोणाचेच घर नव्हते, मग तिथे जाण्याला एवढा विरोध का? करारात आणखी एक कलम होते, ज्यानुसार फलाटाच्या नुकसानीची जबाबदारी ओढणाऱ्या कंपनीवर येत नव्हती. इंग्लंडचे न्यायालय ते कलम मानेल अशी चिन्हे होती. अमेरिकेतील न्यायालये जहाज ओढण्याच्या करारांतील अशी कलमे सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवत आली होती. म्हणजे ठिकाण ठरले की निकालही जवळपास ठरणार होता. खालच्या दोन न्यायालयांनी झपाटाची बाजू घेतली, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ती फिरवली. जाणत्या व्यापाऱ्यांनी मोकळेपणाने मान्य केलेले कलम पाळले गेले पाहिजे. ते अन्यायकारक किंवा अवाजवी आहे, त्यात फसवणूक किंवा दडपण आहे, हे दाखवण्याचा भार ते नाकारणाऱ्यावर राहील, असे न्यायालयाने म्हटले. जगातील सगळे वाद आपल्याच न्यायालयांत आणि आपल्याच कायद्याने चालावेत हा हट्ट धरून व्यापार करता येणार नाही, हा त्या निकालाचा सूर होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अॅस्कॉटच्या समन्सवर दावा उभा राहिला, हा मात्र निव्वळ योगायोग.

कोर्ट निवडले म्हणजे कायदाही निवडला, असे नाही का?

नाही, आणि हा गैरसमज वकिलांतही आढळतो. सामना कोणत्या मैदानावर आणि कोणत्या पंचांसमोर खेळायचा ही एक गोष्ट, कोणत्या नियमपुस्तकाने खेळायचा ही दुसरी. ‘या करारास इंग्लंडचा कायदा लागू राहील’ असे लिहिल्याने इंग्लंडच्या न्यायालयाला आपोआप अनन्य अधिकार मिळत नाही, आणि सिंगापूरचे न्यायालय निवडले तरी ते गरजेनुसार जर्मन कायदा लावून निर्णय देऊ शकते. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्या लागतात. मात्र कामकाजाची पद्धत, म्हणजे पुरावा कसा द्यायचा, कागदपत्रे किती उघड करायची, खर्च कोणावर टाकायचा, हे सारे त्या-त्या न्यायालयाचेच राहते.

‘च’ या अक्षराची किंमत

कलमे मुख्यतः दोन प्रकारची असतात. ‘वाद अमुक न्यायालयातच चालतील’ हे अनन्य कलम. त्यामुळे बाकीची दारे बंद होतात. ‘अमुक न्यायालयातही चालू शकतील’ हे अनन्य नसलेले कलम. त्याने एक जादा दार उघडते, बाकीची तशीच राहतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००३ मध्ये मोदी एंटरटेन्मेंट विरुद्ध डब्ल्यूएसजी क्रिकेट हे प्रकरण आले, ते दुसऱ्या प्रकारातले. केनियात झालेल्या क्रिकेट स्पर्धेच्या दूरदर्शनवरील प्रक्षेपणाचा तो वाद होता आणि करारात इंग्लंडच्या न्यायालयाला अनन्य नसलेला अधिकार दिलेला होता. एका पक्षाने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, दुसऱ्याने लंडनमध्ये, आणि पहिल्याने लंडनचा दावा थांबवण्याचा आदेश मागितला. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. ज्या न्यायालयाला आपण स्वतः संमती दिली, तिथे दुसऱ्या पक्षाने जाणे हा छळ कसा म्हणता येईल, हा त्यामागचा विचार होता.

तिसरा प्रकार बँकांना आवडतो. कर्जदाराने एकाच ठरलेल्या न्यायालयात जायचे, बँकेने मात्र जिथे कर्जदाराची मालमत्ता सापडेल तिथे. हे असमान कलम इंग्लंडमध्ये सर्रास मान्य होते. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असे एक कलम रद्द ठरवले. आपल्या करारात अशी ओळ दिसली, तर ती कोणत्या देशात तपासली जाणार आहे याचा विचार सही करण्यापूर्वी करावा.

समोरचा आधीच दुसरीकडे गेला, तर कलमाचा उपयोग काय?

ही सर्वांत खरी शंका आहे. ऑस्ट्रियातील गासर ही कंपनी अनेक वर्षे रोममधील मिसात या कंपनीला लहान मुलांचे कपडे विकत होती. गासरच्या बिलांवर आपल्या गावचे, म्हणजे डॉर्नबिर्नचे, न्यायालय नमूद केलेले असे. संबंध बिघडले आणि एप्रिल २००० मध्ये मिसातने रोममध्ये दावा लावून करार संपुष्टात आल्याचे जाहीर करून मागितले. थकलेल्या बिलांसाठी गासर ऑस्ट्रियाच्या न्यायालयात गेली ती डिसेंबरमध्ये. तेव्हाच्या युरोपीय नियमांनुसार ज्या न्यायालयात आधी दावा लागला त्याने आपल्या अधिकाराचा निर्णय देईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे होते. कलमात निवडलेले न्यायालय दुसरे असले तर काय, आणि पहिल्या देशातील कामकाज फारच संथ असेल तर काय, हे प्रश्न लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे गेले. त्याने २००३ मध्ये उत्तर दिले की तरीही थांबायचेच.

परिणाम उघड होता. ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याने आधी संथ न्यायालय गाठावे, ‘मी देणे लागत नाही’ असे जाहीर करण्याची मागणी करावी आणि धनकोला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवावे. या युक्तीला वकिलांनी ‘इटालियन टॉर्पेडो’ असे नाव दिले होते, आणि इटलीतील न्यायालयांच्या मंद गतीचा तो सौम्य उल्लेख म्हणता येणार नाही. शेवटी नियमच बदलावा लागला. १० जानेवारी २०१५ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांत अनन्य कलमाने निवडलेल्या न्यायालयाला प्राधान्य मिळाले. तिथे दावा लागला की बाकीच्यांनी थांबायचे, मग ते आधी आलेले का असेनात.

इंग्रजी परंपरेत वेगळे हत्यार आहे. कलम मोडून परदेशात गेलेल्या पक्षाला तिथला दावा पुढे चालवू नये असा मनाई हुकूम न्यायालय देते. हा हुकूम परदेशी न्यायालयाला नसतो, त्या पक्षाला असतो, आणि न मानल्यास न्यायालयाचा अवमान होतो. युरोपीय न्यायालयाला ही पद्धत संघाच्या आत मान्य नाही. एका सदस्य देशाच्या न्यायालयाने दुसऱ्याच्या अधिकारावर अशी आडून टाच आणणे परस्परविश्वासाला धरून नाही, असे त्याने २००४ मध्ये ठरवले.

ग्राहकालाही हेच लागू होते का?

इथे देशोदेशीची वाट अगदी वेगळी होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या एका जोडप्याने पर्यटन-जहाजाचे तिकीट काढले. तिकिटावरील बारीक मजकुरात फ्लोरिडाचे न्यायालय नमूद होते. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ पत्नी जहाजावर घसरून पडली, त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते कलम मान्य करून त्यांना परत पाठवले. देशाच्या एका टोकाच्या जखमी प्रवाशाने दुसऱ्या टोकाला जावे, ही अपेक्षा मला तरी पटत नाही. झपाटाच्या उपाध्यक्षांना मसुदा बदलता आला होता. तिकिटाची अट कोणता प्रवासी बदलून घेणार?

युरोपीय संघाने याच कारणाने ग्राहकाला वेगळे काढले आहे. ग्राहक आपल्या घरच्या न्यायालयात दावा लावू शकतो, त्याच्यावर दावा मात्र सहसा तिथेच लावावा लागतो, आणि वाद उभा राहण्यापूर्वी केलेले उलट कलम त्याला बांधत नाही. नोकरदारांनाही असेच संरक्षण आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेसबुकच्या अटींतील कॅलिफोर्नियाचे कलम ब्रिटिश कोलंबियातील एका वापरकर्तीविरुद्ध लागू करण्यास नकार दिला. प्रश्न तिचे नाव व छायाचित्र जाहिरातीसाठी वापरण्याचा, म्हणजे खासगीपणाचा होता. निकाल काठावरचा होता, चार विरुद्ध तीन.

जिंकलो, पण वसूल कुठे करणार?

आता दुसरा प्रश्न. हुकूमनामा एका देशात मिळाला आणि प्रतिवादीची मालमत्ता दुसऱ्या देशात असली, तर त्या दुसऱ्या देशाने तो मानला पाहिजे. तो आपोआप मानला जात नाही. लवादाचे, म्हणजे न्यायालयाऐवजी पक्षांनी नेमलेल्या खासगी पंचांचे, निवाडे या बाबतीत सुस्थितीत आहेत, कारण त्यांच्यासाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे आणि १७० हून अधिक देश त्यात आहेत. व्यापारी करारांत लवाद एवढा लोकप्रिय होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

न्यायालयांच्या निकालांसाठी अशी सोय फार उशिरा झाली. ३० जून २००५ ला हेगमध्ये न्यायालय-निवडीच्या कलमांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातील व्यवस्था तीन पायऱ्यांची आहे: निवडलेल्या न्यायालयाने दावा ऐकला पाहिजे, न निवडलेल्याने बाजूला झाले पाहिजे, आणि निवडलेल्याचा निकाल इतर सदस्य देशांनी मानला पाहिजे. तो अंमलात यायला दहा वर्षे गेली. १ ऑक्टोबर २०१५ ला मेक्सिको आणि युरोपीय संघ यांच्यापासून सुरुवात झाली, पुढच्या वर्षी सिंगापूर आले. संघाबाहेर पडल्यावर ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून स्वतंत्रपणे सदस्यत्व घेतले. पण हा करार मुळात अनन्य कलमांपुरता आहे, आणि ग्राहक व नोकरीचे करार त्यातून वगळलेले आहेत. उरलेली पोकळी भरण्यासाठी २०१९ चा दुसरा हेग करार आहे, जो ब्रिटनला १ जुलै २०२५ पासून लागू झाला. अमेरिका आणि चीन यांनी २००५ च्या करारावर सही केली, पण मंजुरी दिलेली नाही. भारत दोन्हींच्या बाहेर आहे.

भारतात म्हणून दिवाणी प्रक्रिया संहिताच पाहावी लागते. ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा अधिसूचित देशांतील वरिष्ठ न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची दरखास्त, म्हणजे बजावणीचा अर्ज, कलम ४४अ नुसार थेट जिल्हा न्यायालयात लावता येते. अमेरिका त्या यादीत नाही. तिथला निकाल घेऊन आलेल्याला त्याच्या आधारावर नवा दावा करावा लागतो. शिवाय कलम १३ मधील हरकती दोन्हींना लागू आहेत, आणि त्यांतील एक फार टोचते, ती म्हणजे निकाल वादाच्या गुणवत्तेवर, म्हणजे मुद्दे आणि पुरावा तपासून, दिलेला हवा. इंग्लंडमधील एका वादीने प्रतिवादी हजर न राहिल्याने एकतर्फी हुकूमनामा मिळवला होता. २००१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तो गुणवत्तेवर नाही म्हणून त्याची बजावणी नाकारली. प्रतिवादी फिरकला नाही तरी वादीने पुरावा देऊन सकारण निकाल घ्यावा, हा त्यातला व्यवहारी बोध आहे.

कधी कधी एखादे राष्ट्र कलमच उधळून लावते. निर्बंध लादल्या गेलेल्या रशियन व्यक्ती व कंपन्यांना परदेशी न्यायालयाचे कलम असले तरी रशियातच दावा लावता येईल, असा कायदा रशियाने २०२० मध्ये केला. ज्यांची मालमत्ता रशियात आहे, अशा परदेशी कंपन्यांपुढे त्यामुळे मोठा पेच उभा राहिला आहे.

कलम लिहिताना

झपाटाच्या करारात ‘लंडन कोर्ट ऑफ जस्टिस’ असे लिहिले होते. नेमके या नावाचे न्यायालय लंडनमध्ये नाही. तेथील उच्च न्यायालय असा अर्थ लावून घ्यावा लागला. न्यायालयाचे नाव जसे आहे तसे लिहावे. ‘या करारातून उद्भवणारे’ एवढ्यावर न थांबता ‘किंवा त्याच्याशी संबंधित असलेले’ हेही जोडावे, नाहीतर फसवणुकीचा किंवा हलगर्जीपणाचा दावा कलमाबाहेर पडतो, असा युक्तिवाद हमखास होतो. अनन्य हवे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. आणि प्रतिवादी निवडलेल्या देशात राहत नसेल, तर समन्स स्वीकारण्यासाठी त्या देशातील एक प्रतिनिधी करारातच नेमून घ्यावा. परदेशात समन्स बजावण्यासाठी १९६५ चा स्वतंत्र हेग करार आहे, पण तो मार्ग सरकारी यंत्रणांमधून जातो आणि त्यात महिने मोडतात. स्थानिक प्रतिनिधी असला की कागद त्याच्या पत्त्यावर देताच मुदत सुरू होते.